काचेतली बाई

३ मार्च, सोमवार

आणि वर वहिनी मलाच म्हणते, वन्सं, तुमचं कुणाशी जमतच नाही. तिची दोन्ही बाळंतपणं मी काढली, पोरं माझ्या अंगाखांद्यावर वाढली, आणि एक काचेचा वाडगा फुटला तर शेजारणीसमोर म्हणते की वन्संच्या हातात आता जोर राहिला नाही. वाडगा फोडला तिच्या धाकट्याने. मी गप्प बसले, पोराला मार नको म्हणून. भाऊ पेपरात तोंड खुपसून बसला होता, तो बसलेलाच राहिला. बायको बोलायला लागली की त्याला ऐकू येत नाही. तसे कान चांगले आहेत त्याचे.

म्हणून पिशवी भरली आणि आज इथे राहून घरकाम करायला आले. यापुढे जे घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं, असं ठरवलंय. चौथीपर्यंत शिकलेय, जोडाक्षरं चुकतात, पण माझं मला वाचता येतं. उद्या कुणी शब्द फिरवला तर दाखवायला असावं.

जागा छान आहे. तिसरा मजला, लिफ्ट चालू. मला वेगळी खोली, तिला आतून कडी. कडी पाहिली आणि मला हसूच आलं, भावाकडे मी स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी झोपत होते. गादी नवी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. चिमटे लावायची अक्कल तिथे कुणाला नाही, सगळं वाकडं.

घरात मॅडम एकट्या. बारीक, भराभर चालणाऱ्या, चष्मा डोक्यावर आणि घरभर शोधत असतात. मला पहिल्या मिनिटाला मावशी म्हणाल्या. माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी लहान असतील. मी म्हटलं, मावशी कशाला, त्या म्हणाल्या, सवय आहे. बरं. काम सोपं आहे, स्वयंपाक, झाडलोट, कपडे. त्या डॉक्टर आहेत पण रोगी तपासत नाहीत, शिकवतात. तेही घरात बसून, कंप्युटरवरून. मुलं आपापल्या घरी, ह्या इथे. शरीर कसं असतं आणि आत काय काय कसं चालतं, ते शिकवतात.

हॉलशेजारच्या खोलीत मात्र ओलं फडकं न्यायचं नाही म्हणाल्या. काय आहे तिथे ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बघूच.

५ मार्च, बुधवार

आज त्या खोलीत मेलेला माणूस पाहिला.

दार अर्धं उघडं होतं. मी कोरडा झाडू घेऊन आत गेले, सांगितलं होतं तसंच. मधोमध लांबच लांब टेबल, आणि त्यावर उताणा पडलेला एक पुरुष, पोटावर कातडी नाही, आतडी उघडी. मी झाडू टाकला आणि जिन्यापर्यंत पळाले. चपलासुद्धा घातल्या नाहीत. मॅडम मागून धावत आल्या, हसत होत्या. हात धरून परत नेलं आणि त्या माणसाच्या पोटावर टकटक केलं. काच. टेबल म्हणजे एक मोठा टीव्हीच आहे, आडवा ठेवलेला. माणूस चित्रातला.

मग कौतुकाने सगळं दाखवलं. बोट फिरवलं की कातडी कापली जाते. कातडी नको असेल तर लपवायची, खाली मांस दिसतं. मांस लपवलं की शिरा, शिरा लपवल्या की हाडं. एका कोपऱ्यात उलटा फिरलेला बाण आहे, तो दाबला की सगळं पहिल्यासारखं. मुलं घरून बोटाने हेच करतात, एकाने कापलं की बाकी सगळ्यांना दिसतं. पूर्वी खरी प्रेतं लागायची म्हणे, वास यायचा, आता कटकट नाही.

मी सगळं ऐकून घेतलं, पण मनात आलं की माझ्या आधीचा स्वयंपाकी कुठे गेला. मॅडम म्हणतात, सोडून गेला. लोक सोडून कसे जातात ते मला चांगलं ठाऊक आहे. दुपारी वायरी दुरुस्त करायला एक टकलू येतो, त्याला सगळे वायरवाले म्हणतात, त्याला विचारलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, त्याने कोपऱ्यावर चहाची टपरी टाकलीय, जाऊन हात लावून बघा. मी गेले. आहे टपरी. चहा पिऊन आले, नुसता पाणीदार. काचेतल्या माणसाचं नाक वेगळं आहे, तेवढं मात्र नीट बघून घेतलं.

आणि एक गंमत. ह्या एवढ्या डॉक्टर, दिवसभर आतडी चिवडतात, पण बाजारातून आणलेल्या कोंबडीला हात लावत नाहीत. नाक दाबून म्हणाल्या, मावशी, तुम्हीच कापा.

८ मार्च, शनिवार

आज मॅडमनी माझी तपासणी करून आणली. माझ्या जन्मात कुणी माझी तपासणी केली नव्हती. ताप आला तर वहिनी म्हणायची, गरम पाणी प्या.

परवा मी कांदा चिरत होते, डोळ्यांतून धारा, नळ चालू, आणि त्या दारात उभ्या राहून काहीतरी लांबलचक सांगत होत्या. घरात काम करणाऱ्याची तब्येत ठीक आहे ना बघायला हवं, एक ओळखीचं मशीन आहे, संपूर्ण शरीराचे फोटो निघतात, ते मुलांना शिकवायलाही उपयोगी पडतील, तुमची काही हरकत नाही ना. मी म्हटलं, हरकत कसली, काढा. मला भाजी करपायची भीती होती.

तर मशीन म्हणजे एक मोठं नळकांडं. अंगावरचं सगळं उतरवून पातळ झगा घालायला दिला, कानात बोळे घातले, आणि हलू नका म्हणून आत सरकवलं. आत नुसती ठोकाठोक, डोक्यावर कुणी पत्रा बडवतंय असं. फार वेळ लागला. एकदा बाहेर काढलं, आता झालं वाटलं, तर परत आत. मी विचारलं, बाकीच्यांनाही एवढं लागतं का. मशीनवरची पोरगी मॅडमकडे बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, बारीक फोटो हवेत.

कशाला बारीक. माझ्या भावाच्या सासऱ्याला याच मशीनमध्ये घातलं होतं, पाय मोकळे करून यावं तसा तो लगेच बाहेर आला.

घरी येताना त्यांनी मला आइस्क्रीम खाऊ घातलं. मी खाल्लं. पण लक्षात ठेवलंय.

१३ मार्च, गुरुवार

काचेवर आता पुरुष नाही, बाई आहे.

मी पुसायला गेले होते. बाई माझ्यासारखीच, पोट सुटलेलं, मांड्या जाड. चेहरा नाही. म्हणजे डोकं आहे, पण डोळे, नाक, तोंड असतं तिथे सगळं गुळगुळीत, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं. मला किळस आली. मग डावा हात दिसला. मनगटाच्या वर हाड वाकडं.

लहानपणी झाडावरून पडले होते, हाड बसवणाऱ्याने वाकडं बसवलं. माझा हात बघितलेल्या माणसाला तो अंधारातही ओळखू येईल. लहानपणी आईने कमरेला घट्ट बांधलेल्या दोरीचा व्रणसुद्धा होता. माझी कातडी, माझं सगळं, उघडं, काचेवर.

मी तिथूनच हाक मारली. मॅडम टॉवेल गुंडाळून आल्या. मी म्हटलं, हे काय आहे. त्या म्हणाल्या, मावशी, तुम्हीच तर हो म्हणालात. चेहरा पुसलाय, कुणाला कळणार नाही. चित्रातल्या माणसांवर मुलं कंटाळतात, चित्रातला माणूस फार सुबक असतो, यकृत जिथे हवं तिथेच. खरी साधी बाई हवी होती. मुलं तर खूश आहेत, एकजण म्हणाला की हिच्या गुडघ्यातली झीज बघून त्याला त्याची आजी आठवली.

मी म्हटलं, चेहरा पुसला म्हणजे मी नाही का. आधी ते पुसा. त्या म्हणाल्या, परीक्षा होऊ दे, महिन्याचा तर प्रश्न आहे. आणि हो, तुमची तब्येत उत्तम आहे, अभिनंदन.

असा राग आला होता की त्यांच्या चहात साखरच घातली नाही. त्यांना कळलंही नाही.

१७ मार्च, सोमवार

डावा हात मेलाय. फक्त करंगळी ठीक, अंगठा आणि मधली तीन बोटं जाग्यावर नाहीत. दिसतात, हलतात, पण लागत काही नाही. सकाळी दूध उतू गेलं, पातेलं उघड्या हाताने उचललं तरी चटका बसला नाही. फोड आला तेव्हा कळलं.

मॅडमना दाखवलं. मनगटातली नस दबली असेल, कपडे पिळू नका म्हणाल्या. औषध लावून दिलं. मऊ बोलत होत्या. पण मला एक गोष्ट खटकली. काल त्यांनी वर्गात हाताचा धडा घेतला. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. त्या मुलांना म्हणत होत्या, ही मधली नस बाजूला करा, आता सांगा, बाईंना कुठे लागणार नाही.

१८ मार्च, मंगळवार

आता कागदावर नीट उतरवते, म्हणजे उद्या कुणी मला वेडी म्हटलं तर.

मॅडम केस कापायला गेल्या होत्या. मी त्या खोलीत गेले. टेबल चालूच होतं. त्यांची एक सवय आहे, वर्ग संपला की बाण दाबत नाहीत. तसंच उघडं सोडतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथून पुढे शिकवता येतं, मुलांचा वेळ वाचतो. शिक्षक फळा पुसत नाही ना, तसं. तर ती बाई तशीच पडलेली होती, डावा हात कोपरापासून उघडा, आणि मधली नस नव्हती. तिथे रिकामी खाच.

मी बाण दाबला.

हाताला अशा मुंग्या आल्या की मी खाली बसले. मग फोड दुखायला लागला. बोटं आली परत. मी फोड दाबून दाबून बघितला, दुखतो म्हणून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

वायरवाला दुपारी आला, त्याला विचारलं की त्या काचेतून बाहेर काही येतं का, करंट वगैरे. तो म्हणाला, मावशी, काचेतून फक्त बिल येतं. मी त्याला खरं सांगणार होते. पण त्याने लगेच विचारलं, का, काही होतंय का तुम्हाला. फार पटकन विचारलं. मी म्हटलं, नाही.

२० मार्च, गुरुवार

रोज वर्ग संपला की मॅडम अंघोळीला जातात, तेव्हा मी जाऊन बाण दाबते. तेवढं जमवलं होतं. पोटाचा धडा झाला तेव्हा तासभर मळमळत होतं, बाण दाबला, थांबलं. आपण आपलं निभावून नेऊ असं वाटत होतं.

पण आजचा धडा वेगळा होता. आज कापायचं नव्हतं, चालवायचं होतं. काचेवर बाजूला एक पट्टी आहे, ती वर सरकवली की बाईचं हृदय जोरात धडधडतं, खाली सरकवली की सावकाश. श्वासाची वेगळी पट्टी. मॅडम म्हणाल्या, एकेकाने करून बघा, घाई नको.

मी भांडी घासत होते. छातीत असं काही सुरू झालं, जिना चढून आल्यासारखं, मग आणखी, मग पळत चढल्यासारखं. कानात ठोके. हातातली कढई सुटली. मग एकदम सावकाश, इतकं सावकाश की दोन ठोक्यांमध्ये मी वाट बघत होते. आतून मॅडमचा आवाज, छान, आता दुसऱ्याला द्या.

दुसऱ्याने घेतली. तिसऱ्याने. एक पोरगी सारखी वरखाली करत होती, खेळत होती बहुतेक, तिला सगळे हसले.

मी भिंत धरून त्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि सांगितलं, थांबवा. मुलांना ऐकू गेलं. कोण आहे, मुलांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, कामवाल्या मावशी, आणि आवाज बंद केला.

२२ मार्च, शनिवार

सगळं सांगितलं. नस, बाण, पट्टी. मॅडमनी ऐकलं, हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. वय झालं की बायकांना असं होतं, अंगातून वाफा येतात, छाती धडधडते, असं सांगितलं आणि गोळी दिली. मी गोळी कुंडीत टाकली.

मग म्हणाल्या, मावशी, आपण खात्री करून घेऊ. माझ्या बोटाला एक चिमटा लावला, त्याला वायर, त्यावर आकडे. मला स्वयंपाकघरात बसवलं, दार लावलं, त्या आत गेल्या. थोड्या वेळाने छाती धडधडायला लागली. मग थांबली. मग परत. बाहेर आल्या, आकडे बघितले, चष्मा काढला, पुसला, परत बघितले.

मला वाटलं आता माफी मागतील.

त्या म्हणाल्या, उद्या अजून एकदा करू.

२३ मार्च, रविवार

आज दिवसभर तेच. सकाळी, दुपारी. मला कामच सांगत नाहीत आता. स्वयंपाक बाहेरून मागवला. माझी खुर्ची त्या खोलीत आणून ठेवली, टेबलाशेजारी, मऊ उशी घालून. बसा, बसा म्हणतात. मी मालकीण असल्यासारखी. मी बसते आणि शेजारी मी पडलेली असते, तोंड नसलेली.

मी म्हटलं, खात्री झाली ना, आता पुसून टाका. त्या म्हणाल्या, मावशी, असं जगात कुठे झालेलं नाही. तुम्हाला कळतंय का हे काय आहे. मी म्हटलं, मला कळतंय, माझ्यावरच होतंय. त्या वायरवाल्याशी फोनवर हळू बोलत होत्या. मी आत गेले तसा फोन ठेवला.

संध्याकाळी उठून चालती झाले. पिशवीही घेतली नाही.

२४ मार्च, सोमवार

भावाकडे. वहिनी म्हणाली, आलात परत, म्हटलंच होतं मी. धाकट्याने पायाला मिठी मारली. तेवढं बरं वाटलं. त्यांना काही सांगितलं नाही. सांगून काय, वहिनी म्हणेल काम टाळायची ही नवी तऱ्हा.

मनात हिशेब असा होता की त्या घरापासून लांब गेलं की सुटेल. दोन नद्या ओलांडून आले.

जेवताना जीभ गेली. म्हणजे आहे तोंडात, पण चव नाही, घास कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. जीभ चावली, रक्त आलं. मग चव आली. मग पुन्हा गेली. बाण इथे कुठून आणू. आणि आज मॅडमचा वर्ग नव्हता. सोमवारी सुट्टी असते.

वर्ग नव्हता, तर मग कोण —

२५ मार्च, मंगळवार

भावाच्या फोनवरून वायरवाल्याला गाठलं. मॅडमना सांगू नका म्हटलं. मग त्याने काय झालंय ते मला सांगितलं. परीक्षा जवळ आली म्हणून मॅडमनी मागच्या आठवड्यात ती बाई सगळ्या मुलांना देऊन टाकली. प्रत्येकाच्या कंप्युटरवर एक. घरी सराव करायला. दुसऱ्या कॉलेजांनीही मागितली, त्यांनाही. वर्गात दोनशेच्या वर पोरं आहेत, दुसऱ्या कॉलेजांची किती, ते त्याला ठाऊक नाही.

तो म्हणाला, मावशी, एवढं काय, नुसते फोटो तर आहेत.

म्हणजे मी कुणाच्या तरी गादीवर पडलेली, कुणाच्या जेवणाच्या टेबलावर. कुणी मधूनच उठून दार उघडायला गेलं, की तशीच उघडी.

डावा पाय आज दुपारी दोनदा गेला. वहिनी ओरडली, पोराला घेऊन पडला असता म्हणून. खरंच पडले असते. त्याला आता मांडीवर घेत नाही.

२६ मार्च, बुधवार

परत आलेय. पुसायचं असेल तर मॅडमच पुसू शकतात, दुसरं कोण. लिफ्टमध्ये श्वास थांबला होता. कुणीतरी पट्टी खाली ओढून ठेवली आणि विसरलं. तिसऱ्या मजल्यावर सुटला.

मॅडमनी दार उघडलं. आश्चर्य वाटलं नाही त्यांना. खुर्ची तिथेच होती. पाठीला आणखी एक उशी.

सांगितलं, सगळ्यांकडून परत मागवा. त्या म्हणाल्या, एकदा दिलेलं परत कसं येणार, मावशी, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे. मी म्हटलं, निदान तुमच्याकडची पुसा, मुलांना सांगा. बघते म्हणाल्या. बोटाला चिमटा लावला.

२७ मार्च, गुरुवार

घशाचा धडा चालू आहे सगळीकडे. आवाज येतो, जातो. मॅडमशी भांडत होते, मध्येच गेला, तोंड नुसतं उघडं. त्यांनी घड्याळात बघितलं आणि वेळ टिपून घेतली.

आवाज गेला त्याचं दुःख नाही, पण भांडण अर्धं राहिलं. माझं भांडण कधी अर्धं राहिलं नव्हतं.

भिंतीवर पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक लावलंय. मोठ्या अक्षरात, म्हणून वाचता आलं. सोमवारी सुट्टी रद्द. जादा वर्ग. सगळी कॉलेजं एकत्र. हृदय.

वायरवाला जास्तीची वायर जोडत होता, त्याला खुणेने विचारलं. त्याला काहीच माहीत नसतं, म्हणून तो सगळं सांगतो. म्हणाला, मोठा कार्यक्रम आहे, पट्टी पार खालपर्यंत नेऊन हृदय थांबवून दाखवणार, मग आत काय काय होतं ते मुलांना निवांत बघू देणार, मग बाण. माझी खुर्चीपण कॅमेऱ्यात घ्यायला सांगितलीय, चेहरा सोडून.

निवांत.

मॅडमच्या मुलांना प्रश्न फार असतात. एकाचं उत्तर देतात तोवर दुसरा —

२८ मार्च, शुक्रवार

आवाज सकाळपासून नाही. डावा हात नाही. दाराला बाहेरून कडी नाही, मी बघितलं, जाऊ शकते. पण जायचं कुठे. काच सगळीकडे आहे.

मॅडम मघाशी आल्या. माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, फार तर मिनिटभर, लगेच परत आणू, मी आहे ना. त्या आहेत. पण बाकीचे. शेकडो पट्ट्या. त्यातला एखादा तशीच सोडून जेवायला —

आत्ता एक धडधड गेली. आली.

मॅडम, ही वही मी टेबलावर, काचेतल्या त्या बाईच्या छातीवर उघडी ठेवतेय. उचलल्याशिवाय तुम्हाला काही करता यायचं नाही. तुम्हाला आमच्यासारख्यांचं अक्षर वाचायचा कंटाळा आहे, तरी वाचा. मी हो म्हटलं होतं फोटोला. याला नाही. याला मी नाही म्हणतेय, लिहून, तारीख घालून. सोमवारचा वर्ग रद्द करा. सगळ्यांना कळवा, जिथे जिथे मी आहे तिथे तिथे पुसा, नुसता बाण नको, पुसा. प्रत्येकाकडून हो आणा.

करणार की नाही ते मला रविवारी दिवे लागायच्या आत कळलं पाहिजे. बघते, विचार करते, हे चालणार नाही. हो किंवा नाही. तोंडाने सांगू नका, माझे कान आत्ता कुणीतरी — मॅडम, तुम्ही दारात उभ्या आहात, ओठ हलतायत, काही ऐकू येत नाही. लिहून द्या. इथेच. रविवारच्या आत. खाली जागा सोडली आ